जोगजाकार्ता आणि बाली: आधी बोरोबुदुरची वेळ धरा, मग विमान

कोल्हापुरातून इंडोनेशियाला जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण सरळ बाली गाठतात. पाच रात्री, सहा दिवस, समुद्र, झोका, परत. बाली सुंदर आहेच. पण ज्यांना देवळं, शिल्पं, रामायण-महाभारताचं तिकडचं रूप, नाच आणि कापड यांत रस आहे, त्यांनी शेजारच्या जावा बेटावरच्या जोगजाकार्ताला निम्मे दिवस द्यायलाच हवेत. तिथले लोक त्या शहराला नुसतं 'जोगजा' म्हणतात. नऊ रात्री असतील तर चार जोगजा, चार बाली आणि एक प्रवासात. सात असतील तर तीन-तीन-एक. याहून कमी वेळ असेल तर दोन्ही बेटं एकत्र करू नका, एकच निवडा.

जावामार्गे आत जायचं आणि बालीतून परतायचं. जावात पहाटे उठणं, उन्हात पायऱ्या चढणं, उभ्यानं शिल्पं वाचणं असतं, ते पायांत दम असतानाच करावं. बालीत मग निवांत होता येतं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण आधी विमान काढतात, मग हॉटेल आणि शेवटी बोरोबुदुरचं, म्हणजे जोगजाजवळच्या प्रचंड बौद्ध मंदिराचं, तिकीट. तिकीट बघतात तेव्हा कळतं की मंदिरावर चढायच्या जागा संपल्यात. दिवसाला साधारण १२०० माणसांनाच वर सोडतात, तेही तासातासाच्या गटांनी, सोबत वाटाड्या देऊन. सोमवारी वर चढणं बंद असतं. तिकीटं दोन प्रकारची: एक आवारात फिरून खालून बघायचं, दुसरं वर चढायचं. परदेशी प्रौढाला चढायचं तिकीट ४,५५,००० रुपियाच्या घरात पडतं, म्हणजे आपले साधारण अडीच हजार. दर बदलतात, म्हणून काढताना अधिकृत साइटवर पुन्हा बघाच. दोन्ही तिकिटांतला फरक थोडा, त्यामुळे खालचं काढून पैसे वाचवण्यात अर्थ नाही. शिल्पांच्या गॅलऱ्या वरच आहेत.

म्हणून क्रम असा लावा: बोरोबुदुरचा वार आणि वेळ ठरवा, त्याच्या दोन दिवस आधी जोगजात पोचणारं विमान शोधा, मग बाकीचं. पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी बोरोबुदुर ठेवू नका. वाटेतलं एक विमान चुकलं की ती वेळ हातची गेली. मधला एक दिवस शहरासाठी ठेवला की धक्का पचतो. चढण्याची वेळ सकाळची पहिलीच घ्या. तिथला दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखा ज्वालामुखीतूनच आलेला, दहा वाजल्यानंतर तापायला लागतो.

वर जाताना तुमच्या चपला-बूट काढायला लावतात आणि तिकिटातच विणलेल्या सपाता देतात. त्यांचं नाव 'उपानत'. संस्कृतातलं उपानह! पादत्राणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातून गेलेल्या माणसाला हे नाव ऐकून बरं वाटेल. केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं विणून आसपासच्या गावांतले कारागीर त्या करतात. आकार मंदिराच्याच पायथ्याच्या शिल्पांतून घेतलाय. कारण व्यवहारी आहे: बुटाच्या तळाला चिकटलेली वाळू पायऱ्यांवर घासली जाते आणि हजारो पावलांनी दगड झिजतो. सपात पायाला थोडी मोठी असेल तर लगेच बदलून मागा. पायऱ्या उंच आहेत आणि सैल सपातीत घोटा मुरगळतो. पातळ मोजे घातले तर पट्टा लागत नाही. आणि तिकिटात असल्यामुळे सपाता घरी आणता येतात.

वर साधारण तासभरच मिळतो. आठव्या-नवव्या शतकात शैलेंद्र राजांच्या काळात उभारलेल्या या वास्तूवर कथा सांगणारे १,४६० आणि नक्षीचे १,२१२ शिल्पपट आहेत. तासात ते कुणालाच बघून होत नाहीत. 'सगळं बघू' म्हणणारा माणूस वरच्या जाळीदार स्तूपांपाशी फोटो काढतो आणि उतरतो. त्यापेक्षा आधीच निवड करून जा. पूर्वेच्या जिन्यानं चढून पहिल्या गॅलरीत यायचं आणि मंदिर उजव्या हाताला ठेवून, आपण प्रदक्षिणा घालतो तसंच, चालायचं. मुख्य भिंतीवरच्या वरच्या रांगेत ललितविस्तर आहे: बुद्धाचं चरित्र, १२० पटांत, तुषित स्वर्गापासून सारनाथच्या पहिल्या प्रवचनापर्यंत. मायादेवीचं स्वप्न आणि हत्ती शोधा, तिथून धागा सापडतो. खालच्या रांगेतल्या कथांमध्ये शिडाचं मोठं जहाज कोरलंय, तेही चुकवू नका. त्याच घाटाचं जहाज बांधून २००३-०४ मध्ये इंडोनेशियातून थेट आफ्रिकेतल्या घानापर्यंत नेलं होतं आणि ते आवारातल्या संग्रहालयात ठेवलंय. उतरल्यावर आग्नेय कोपऱ्यात जा. बांधकामाला आधार म्हणून नंतर जो दगडी पाया घातला, त्याच्याआड कर्माच्या फळांचे १६० पट झाकले गेले. फक्त या कोपऱ्यात त्यातले थोडे उघडे ठेवलेत.

वाटाड्या घाई करतो, कारण मागचा गट येत असतो. त्याला सुरुवातीलाच सांगा की आम्हाला स्तूपांपाशी दहा मिनिटं पुरेत, पहिल्या गॅलरीत वेळ हवाय. बहुतेक जण ऐकतात.

जाण्याआधी एक रविवार खिद्रापूरला घालवा, असा आग्रहाचा सल्ला आहे. कोपेश्वराचं मंदिर बाराव्या शतकातलं, म्हणजे बोरोबुदुरपेक्षा तीनेकशे वर्षांनी धाकटं. पण खालून वर थर कसे चढतात, हत्तींची रांग कुठे आणि देवता कुठे, हे तिथे सावकाश बघून डोळ्याला वळण लावलं की जावात तासाभरात दुप्पट दिसतं.

प्रम्बानन हे हिंदू मंदिरांचं संकुल जोगजाच्या पूर्वेला १७ किलोमीटरवर. इथे वेळेची सक्ती नाही, पण दुपारी अडीच-तीनला पोचलं की ऊन उतरत जातं आणि संध्याकाळचं रामायण-नृत्य त्याच दिवशी जोडता येतं. मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच, दोन बाजूंना ब्रह्मा आणि विष्णू, समोर नंदी. नवव्या शतकातलं काम. इथे हमखास होणारी चूक म्हणजे लोक प्रदक्षिणा घालताना मंदिराच्या भिंतीकडे बघत राहतात. रामायण तिथे नाहीच. ते कठड्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला आहे. पूर्वेच्या पायऱ्या चढून लगेच डावीकडे वळा. पहिल्याच पटात शेषावर पहुडलेला विष्णू आणि त्याला अवतार घे म्हणून विनवणारे देव. तिथून पुढे पट न सोडता चाला. सेतू बांधतानाचा पट बघा, वानर समुद्रात दगड टाकतायत आणि मासे ते तोंडात धरतायत. शिवमंदिराची फेरी इथे संपते. पुढची कथा शेजारच्या ब्रह्मदेवाच्या मंदिरावर आहे. हे ठाऊक नसलं तर युद्ध न बघताच लोक परततात. विष्णूच्या मंदिरावर कृष्णकथा.

शिवमंदिराला गाभारे चार आहेत. पूर्वेला शिव, दक्षिणेला अगस्त्य, पश्चिमेला गणपती आणि उत्तरेला महिषासुरमर्दिनी. आत अंधार असतो, मोबाइलची बॅटरी पुरत नाही, छोटी टॉर्च न्या. आठ हातांची देवी रेड्यावर उभी आहे आणि एका हातानं असुराचे केस धरलेत. अष्टमीला अंबाबाईची महिषासुरमर्दिनी रूपातली पूजा पाहिलेल्या माणसाला ती अनोळखी वाटत नाही. तिथले लोक मात्र तिला रोरो जोंग्रांग म्हणतात आणि तिच्याबद्दल एका राजकन्येची वेगळीच कथा सांगतात. एका रात्रीत हजार मंदिरं बांधायची अट, आणि शेवटच्या मंदिराआधी कोंबडा आरवतो. ती कथा वाटाड्याकडून जरूर ऐका. त्याच आवारात उत्तरेला सेवू हे बौद्ध मंदिरांचं संकुल आहे, गर्दी तिथे फारशी जात नाही.

रामायण-नृत्य १९६१ पासून चालू आहे. मे ते ऑक्टोबर उघड्या रंगमंचावर, मागे उजळलेलं शिवमंदिर. पावसाळ्यात बंदिस्त सभागृहात. रोज नसतं, ठरावीक वारीच असतं, त्यामुळे बोरोबुदुरनंतर दुसरी तारीख ही धरायची. संवाद नाहीत, गामेलान या तिथल्या वाद्यवृंदाच्या तालावर सगळी गोष्ट हालचालींतून. मुलांना कथा माहीत असल्यानं ती रमतात.

हंगाम आपल्याला सोयीचा आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, तेव्हा जावा-बालीत कोरडे दिवस. मे महिन्याची शाळेची सुट्टी तर उत्तमच. जुलै-ऑगस्टला युरोपातली गर्दी येते, दर चढतात. शिवाय आपल्याकडूनच निघणं अवघड होतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्ग बंद पडला होता, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या दोन महिन्यांत जाणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत किंवा पुण्यात असा. एरवी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईला पोचवते, पण दुपारच्या आधीचं विमान तिच्या भरवशावर घेऊ नका. बेंगळूरूमार्गे जायचं असेल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे. रमजान ईदच्या मागेपुढे आठवडाभर जावा टाळा, सगळा देश गावी निघालेला असतो आणि रस्ते तुंबतात.

गुढीपाडव्याची सुट्टी धरून बालीला जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. बालीतही शक संवत्सर चालतं. त्यांचा नववर्षदिन म्हणजे न्येपी, पुष्कळदा आपल्या पाडव्याच्या दिवशी किंवा एक दिवस इकडेतिकडे येतो. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच, शके १९४८. अधिक मासाचं गणित वेगळं असल्यानं काही वर्षी महिनाभराचा फरक पडतो. न्येपी म्हणजे पूर्ण मौन. २४ तास विमानतळ बंद, रस्त्यावर कुणीही यायचं नाही, परदेशी पाहुण्यांनीही नाही, दिवे मंद, मोबाइलचं इंटरनेटही बंद. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा मिरवतात, ते बघण्यासारखं आहे. मुद्दाम त्यासाठी जाणार असाल तर दोन दिवसांचं खाणं आणि हॉटेल आधीच बघून ठेवा. नकळत त्या तारखेचं विमान काढू नका. दुसरा मोठा सण गालुंगान, तो दर २१० दिवसांनी येतो, २०२६ मध्ये १७ जूनला. दारोदारी पेंजोर उभे असतात: वाकलेला उंच बांबू, त्याला पानांची नक्षी, भाताच्या लोंब्या, फळं. गुढी उभारणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदा ते बघावं.

कागदपत्रांत चुका कुठे होतात तेवढंच सांगतो. नवा पासपोर्ट ३६ पानी, साधी फी १५०० रुपये, कोल्हापुरातच पोस्टातल्या केंद्रात काम होतं. इंडोनेशियात पोचण्याच्या दिवशी तो किमान सहा महिने वैध हवा. व्हिसा पोचल्यावर मिळतो किंवा आधी ऑनलाइन काढता येतो, ५,००,००० रुपिया, ३० दिवस, एकदा वाढवता येतो. अधिकृत साइटच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गो डॉट आयडी' असाच असतो. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दीडपट-दुप्पट घेतात. पोचल्याचा दिवस पहिला दिवस धरतात, आणि एक दिवस जास्त राहिलात तर दंड १०,००,००० रुपिया. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत 'ऑल इंडोनेशिया' हा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तो फुकट आहे. त्यातून आलेला क्यूआर कोड छापून जवळ ठेवा. बालीसाठी वेगळा १,५०,००० रुपियाचा पर्यटक कर आहे, तोही ऑनलाइन भरता येतो.

तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच. आपल्याकडे स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर असतं आणि तिकीट काढताना ते गळतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्त तिकीटं जोडत असाल तर आणखी जपा. सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं. सिंगापूरला त्यासाठी व्हिसा लागतो. मलेशियानं भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिलाय, म्हणून असा जोड क्वालालंपूरमार्गे सोपा. जोगजाला विमानतळ दोन आहेत. परदेशातून येणारी आणि बहुतेक मोठी विमानं शहरापासून दूर, कुलोन प्रोगोच्या नव्या विमानतळावर उतरतात. तिथून रेल्वे साधारण ४० मिनिटांत शहरातल्या तुगू स्टेशनवर सोडते, टॅक्सीपेक्षा तीच बरी. आणि घड्याळ: जोगजा आपल्यापुढे दीड तास, बाली अडीच तास. जावातून बालीला गेल्यावर मोबाइल आपोआप बदलला नाही तर तासभर उशीर ठरलेला.

पैशांचा हिशोब करायला सोपी रीत: शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेपाचनं गुणायचं. ८०,००० रुपियाचं जेवण म्हणजे ८० गुणिले साडेपाच, ४४० रुपये. १,००,००० ची नोट लाल, ५०,००० ची निळी. एटीएममधून बऱ्याचदा आधी पैसे येतात आणि कार्ड नंतर. नोटा घेऊन वळलं की कार्ड यंत्रात राहतं. बालीत रस्त्याकडेच्या छोट्या दुकानात पैसे बदलू नका. फलकावर दर चांगला दिसतो, मोजताना लहान नोटांचा ढीग करतात आणि शेवटच्या मोजणीत काही नोटा टेबलामागे पडतात. बँकेत किंवा मोठ्या काउंटरवर जा, आणि शेवटची मोजणी तुमच्या हातची असू द्या.

जेवणाचं दोन तोंडांनी सांगावं लागेल. शाकाहारी माणसाचा खरा अडथळा तेरासी, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. सांबाल नावाच्या तिखट चटणीत, शेंगदाण्याच्या रश्शात, साध्या परतलेल्या भाजीतही तो असतो. 'व्हेज' म्हणून भागत नाही. 'तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा दागिंग' असं म्हणायचं: तेरासी नको, मासे नकोत, मांस नको. तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि ताहू, म्हणजे टोफू, कुठेही मिळतात. गुदेग हे जोगजाचं नाव काढणारं जेवण, कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात तासन्‌तास शिजवतात. गोड लागतं. सोबत कोंबडी, अंडं आणि चामडीचे तुकडे असतात, ते आधीच नको म्हणून सांगा. कांदा-लसूण चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात, चेक-इन सामानात न्या.

आणि मटण खाणाऱ्यांसाठी: जोगजाच्या दक्षिणेला बांतुलमध्ये साते क्लाथाक मिळतं. बकऱ्याच्या मांसाचे तुकडे सायकलच्या चाकाच्या तारेवर ओवून निखाऱ्यावर भाजतात. बांबूच्या काडीऐवजी लोखंडी तार असल्यानं आतून उष्णता लागते आणि मांस मधोमध शिजतं. मसाला जवळपास मिठापुरता, बाजूला पातळ रस्सा. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेला पहिला घास सौम्य वाटेल, पण मांसाची प्रत लगेच कळते. 'कांबिंग' म्हणजे बकरा, 'सापी' गाय, 'बाबी' डुक्कर. हे तीन शब्द पाठच हवेत.

शहराच्या दिवशी सकाळी सुलतानाचा राजवाडा, क्रातोन, तो दुपारीच बंद होतो. मालियोबोरो रस्त्यावर कुणी गोड बोलून 'आज बातिकच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस' म्हणून गल्लीत न्यायला लागला तर नम्रपणे नको म्हणा, तो शेवटचा दिवस रोजच असतो. खरं बातिक ओळखायला कापड उलटून बघा. हातानं मेण लावून केलेल्या बातिक तुलिसचा रंग दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा असतो आणि रेघांत बारीक चढउतार असतो. छापील कापडाची उलटी बाजू फिकट. ठशाचं, बातिक चाप, यांच्या मधलं. पुन्हा पुन्हा येणारी आकृती तंतोतंत तीच असते आणि किंमत तुलिसपेक्षा बरीच कमी. रोज नेसायला-घालायला चाप घ्या, ठेवणीतलं एकच तुलिस.

बालीत उबुदला मुक्काम करा. ड्रायव्हरसह गाडी दहा तासांना साधारण ६ ते ८ लाख रुपियात मिळते. दिवसाला तीन ठिकाणं पुरेत, कारण रस्ते अरुंद. देवळात सारोंग, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं कापड, आणि कमरेला पट्टा लागतो, मासिक पाळीत स्त्रियांना प्रवेश नसतो. वाटेवरच्या पानांच्या द्रोणातला नैवेद्य ओलांडताना पाय जपा. तीर्त एम्पुल या देवळाच्या कुंडात उतरणार असाल तर कपड्यांचा दुसरा जोड न्या, आणि दोन झरे मृतांच्या विधींसाठी राखलेले असतात त्याखाली जाऊ नका. शेतकरी घरातल्या माणसानं जातिलुविहची भातखाचरं बघावीत. पाणी कुणाला कधी मिळणार हे तिथे पाण्याच्या देवळांतून ठरतं. परवाना नसताना स्कूटर घेऊ नका, अपघात झाला तर विमा पैसे देत नाही. ज्वालामुखीच्या राखेनं विमानं कधी अचानक थांबतात, त्यामुळे परतल्याच्या दुसऱ्या दिवशी घरचं लग्न ठेवू नका.

आणायची वस्तू एकच असेल तर वायांगची, म्हणजे जावातल्या छायाबाहुल्यांच्या खेळातली, बाहुली आणा. म्हशीच्या कातड्याची, बारीक छिन्नीनं जाळी कोरलेली, शिंगाच्या दांडीची. भीम, अर्जुन, गातोत्काचा म्हणजे आपला घटोत्कच, हव्या त्या पात्राची मिळते. पिंगुळीच्या चामडी बाहुल्या पाहिल्या असतील तर काम लगेच ओळखाल. घेण्याआधी रात्री सोनोबुदोयो संग्रहालयातला खेळ बघा आणि अर्धा वेळ पडद्याच्या मागे बसा, म्हणजे बाहुल्या नाचवणाऱ्या दालांगचे हात दिसतात. दुकानात बाहुली उजेडासमोर धरा. छिद्रांच्या कडा स्वच्छ असल्या तर हातकाम, कडांना तंतू असले तर घाईचं. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून न्या, घडी नको, गुंडाळीही नको. दांडी बॅगेच्या लांबीत बसते का ते आधी मोजा. कोल्हापूरच्या पावसात कातड्याला बुरशी धरते, तेव्हा जूनच्या आधी ती भिंतीवरून उतरवून कोरड्या कापडानं पुसून, कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.